सिंदखेडचा रंग आणि पटकथेचा कागद

मराठी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत 'कथा, पटकथा, संवाद' हे तीन शब्द बहुधा एकाच ओळीत येतात आणि प्रेक्षक त्यांना एकच काम समजतो. प्रत्यक्षात ही तीन निरनिराळी कामे असून त्यांतील मधले सर्वांत कमी समजले गेलेले आहे. काय घडले ते कथा सांगते, पात्रे काय बोलली ते संवाद सांगतात, आणि घडलेले कोणत्या क्रमाने, कोणत्या जागी, किती वेळ व कोणाच्या नजरेने पडद्यावर दिसावे याचा लेखी निर्णय म्हणजे पटकथा. हा निर्णय कागदावर होतो, पण कागद वाचण्यासाठी कोणी तिकीट काढत नाही. चित्रपट तयार झाला की पटकथा रद्दीत जाते, आणि चित्रपट चांगला निघाला तर त्याचे श्रेय दिग्दर्शकाकडे व नटांकडे वळते. म्हणून पटकथा ही स्वतंत्र कलाकृती आहे की घराच्या नकाशासारखा केवळ कामापुरता दस्तऐवज आहे, हा प्रश्न चित्रपटविचारात वारंवार उपस्थित झाला आहे.

हंगेरीचा चित्रपटमीमांसक बेला बालाझ याने पटकथेला साहित्याचा एक नवा आणि स्वतंत्र प्रकार मानले. इटालियन कवी व दिग्दर्शक पिएर पाओलो पासोलिनी याने १९६५ मध्ये लिहिलेल्या निबंधात पटकथेचे वर्णन दुसरी रचना होऊ पाहणारी रचना असे केले. म्हणजे पटकथेचा वाचक शब्द वाचत असतानाच अजून न बनलेले चित्र मनात पाहत असतो, आणि ही दुहेरी वाचनक्रिया हेच तिचे वैशिष्ट्य होय. टेड नॅनिचेली या अभ्यासकाने २०१३ मध्ये पटकथेच्या तत्त्वज्ञानावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला आणि पटकथा साहित्य ठरू शकते ही बाजू मांडली. नाटकाशी तुलना केल्यास अडचण लक्षात येते. नाटकाची संहिता शंभर संचांनी शंभर वेळा उभी करता येते आणि प्रत्येक प्रयोगानंतर ती पुन्हा जशीच्या तशी उरते. पटकथा मात्र एकदाच उभी राहते. ठिपक्यांच्या रांगोळीत रेघा ओढल्या की ठिपके दिसेनासे होतात, पण नक्षी ठरलेली असते ती ठिपक्यांनीच.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी बुलढाणा जिल्हा निवडणे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल, कारण या जिल्ह्यात कधी चित्रपटनिर्मितीचा मोठा कारखाना उभा राहिला नाही. कोल्हापूर, पुणे आणि मुंबई या तीन शहरांतच मराठी पटकथेचा व्यवसाय वाढला. तथापि पटकथेला लागणारा माल या जिल्ह्याने तीन वेगवेगळ्या रूपांत पुरवला आहे: सिंदखेडराजाचा बखरीतील प्रसंग, शेगावची पोथी आणि अमडापूरची कादंबरी. अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे जिल्ह्याचे 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असे जे दोन भाग पडतात, त्यांपैकी सिंदखेडराजा व अमडापूर घाटावरचे, तर शेगाव घाटाखालचे. बखर, पोथी आणि कादंबरी यांच्या दृश्यरूपात काय टिकते आणि काय गळते, हे पाहिले म्हणजे पटकथा नेमके काय करते ते तत्त्वचर्चेपेक्षा अधिक स्पष्ट होते.

सिंदखेडराजा हे लखुजी जाधवरावांचे गाव आणि जिजाऊंचे जन्मस्थान. तेथे वाड्याचे महाद्वार, लखुजींची समाधी, मोती तलाव, मूर्तींनी नटलेली पुतळा बारव या वास्तू असून रंगमहाल नावाची वास्तू शहाजी-जिजाऊंच्या रंगखेळाचे स्थळ म्हणून दाखवली जाते. उत्तरकालीन बखरींतून आणि पुढे ग्रँट डफ याच्या १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासातून हा प्रसंग सर्वतोमुखी झाला. शिमग्याच्या सणाला मालोजी भोसले लहानग्या शहाजीला घेऊन जाधवरावांकडे गेले. मुलांनी एकमेकांवर रंग उडवला. ते पाहून लखुजींनी थट्टेने म्हटले की जोडा छान शोभतो. आणि मालोजींनी तत्क्षणी उभे राहून, भरल्या बैठकीला साक्ष ठेवून, जाधवराव आता आपले व्याही झाले असे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी जाधवरावांकडून भोजनाचे आमंत्रण आले तेव्हा शहाजीला जावई म्हणून मान्यता मिळाल्याशिवाय येणार नाही, असा मालोजींचा निरोप गेला.

इतिहास म्हणून हा प्रसंग डळमळीत आहे. डफ तो १५९९ सालचा सांगतो आणि त्या वेळी शहाजी पाच वर्षांचे असल्याचे लिहितो; पण जिजाऊंची जी जन्मतारीख रूढ आहे, १२ जानेवारी १५९८, ती धरली तर त्या शिमग्याला जिजाऊ जेमतेम चौदा महिन्यांच्या होतात, आणि चौदा महिन्यांचे मूल मूठ भरून नेम धरत नाही. शिवकालीन 'शिवभारत' या काव्यात शहाजी-जिजाऊंचा विवाह येतो, रंगाची ही हकिकत येत नाही. तरीही नाटककार, कादंबरीकार, चित्रपटकार आणि अलीकडे मालिकांचे लेखक या प्रसंगाकडे पुन्हा पुन्हा वळतात. ते इतिहासाबाबत बेफिकीर असतात असे म्हणून हा विषय संपवता येत नाही. त्या प्रसंगाची रचनाच तशी आहे.

ती रचना जवळून पाहण्यासारखी आहे. आरंभी एक कृती आहे, मुलांची, निर्हेतुक आणि रंगाने भरलेली. तिला एकही शब्द लागत नाही. मग एक वाक्य येते, तेही थट्टेचे. मग दुसरी कृती: एक माणूस बसल्या जागेवरून उठतो. या उठण्याने थट्टेचे वचन होते, सणाची बैठक साक्षीदारांची सभा होते आणि मनसबदार लखुजी स्वतःच्या वाड्यात कोंडीत सापडतात. दोन घराण्यांतील दर्जाची तफावत, मालोजींची महत्त्वाकांक्षा आणि पुढे भोसले-जाधव वैर ज्या ताणातून वाढले तो ताण, हे सगळे कोणीही समजावून न सांगता दिसते. दुसऱ्या दिवशीचे नाकारलेले जेवण म्हणजे त्याच ताणाची पुढची पायरी. भरताच्या नाट्यशास्त्रात कथावस्तूच्या मुळाला 'बीज' म्हटले आहे. आरंभी अल्प दिसणारे आणि पुढे नाना प्रकारे पसरणारे असे त्याचे लक्षण आहे. त्या लक्षणात सिंदखेडचा रंग चपखल बसतो. बखरकाराला पडदा ठाऊक नव्हता, पण प्रसंग कसा बसवावा हे ठाऊक होते. आणि याच गुणामुळे इतिहासकाराने त्याच्याकडे संशयाने पाहिले पाहिजे, हेही तितकेच खरे.

नाट्यशास्त्राच्या परंपरेत आणखी एक भेद आहे, ज्याची दखल पटकथेच्या आधुनिक पाठ्यपुस्तकांपेक्षा आधी घ्यायला हवी. दहाव्या शतकातील धनंजयाच्या 'दशरूपका'त कथावस्तूचे 'दृश्य' आणि 'सूच्य' असे भाग सांगितले आहेत. जे रंगमंचावर प्रत्यक्ष दाखवायचे ते दृश्य. जे नीरस, अनुचित किंवा लांबलचक असल्यामुळे केवळ कळवायचे ते सूच्य. सूच्य भाग कळवण्यासाठी विष्कंभक, प्रवेशक इत्यादी पाच युक्त्या सांगितल्या असून त्यांना 'अर्थोपक्षेपक' अशी संज्ञा आहे. अमेरिकन लेखक सिड फील्ड याच्या १९७९ च्या पुस्तकामुळे जगभर पसरलेला तीन अंकांचा साचा कथेचे वळण कितव्या पानावर यावे हे सांगतो, तर धनंजयाचा भेद काय दाखवायचे आणि काय गाळायचे हा त्याआधीचा प्रश्न विचारतो. पटकथाकाराची कला पानांच्या हिशेबापेक्षा या निवडीत अधिक असते.

मराठी पटकथेच्या व्यवसायाचा इतिहास म्हणजे याच निवडीचा इतिहास होय. ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झालेल्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये दादासाहेब फाळके यांनी प्रेक्षकाला मुखोद्गत असलेली कथा घेतली, त्यामुळे सूच्य भाग प्रेक्षक स्वतःच पुरवीत असे आणि मूकपटातील पाट्यांना थोडकेच काम उरे. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बाबूराव पेंटर यांनी पाऊल पुढे टाकले. ते मुळात चित्रकार असल्याने देखावे व वेशभूषा आधी रेखाटून ठेवीत, म्हणजे त्यांच्या पटकथेचा काही भाग अक्षरांऐवजी रेषांत लिहिलेला असे. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून १९२५ मध्ये त्यांनी काढलेला 'सावकारी पाश' हा पुराणे आणि गडकिल्ले सोडून कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याकडे वळलेला मूकपट होता; शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. अंधूक उजेडातील उदासवाणी झोपडी आणि तिच्यापाशी विव्हळणारे कुत्रे हा त्यातील एक शॉट पाहणाऱ्यांच्या वर्षानुवर्षे लक्षात राहिला. शॉट म्हणजे कॅमेरा न थांबवता टिपलेला एक अखंड तुकडा. मूकपटात कुत्र्याचा आवाज नव्हता, तरी तो ऐकू आल्याची आठवण राहावी, यावरून निवड किती अचूक होती ते कळते.

बोलपट आल्यावर धोका उलट दिशेने आला. शब्द फुकट मिळू लागले आणि संगीत नाटकाची सवय असलेले लेखक पडद्यावरही अंक लिहू लागले. 'प्रभात' फिल्म कंपनीने त्याला आळा घातला. १९३७ च्या 'कुंकू'साठी आपट्यांनी स्वतःच्याच 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीची पटकथा केली. तीत पार्श्वसंगीत नाही, आहेत ते भोवतालचे आवाज, आणि वृद्ध नवऱ्याच्या ढासळत्या अधिकाराचे माप भिंतीवरच्या घड्याळाने दाखवले आहे. घड्याळ बंद पडते तेव्हा कोणाला काही सांगावे लागत नाही. पुढे विजय तेंडुलकर यांनी अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांची मिळून १९७९ च्या 'सिंहासन'ची एक पटकथा केली. त्यांना 'मंथन' या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. तरी त्यांचे नाव घेतले की वाचकाला आधी नाटकेच आठवतात, आणि पटकथेच्या साहित्यिक दर्जाविषयी मराठी मनाचा निकाल काय आहे ते यातून पुरेसे स्पष्ट होते.

शेगावची पोथी ही पटकथाकारासमोर वेगळीच अडचण उभी करते. दासगणू महाराजांनी १९३९ मध्ये रचलेल्या 'श्री गजानन विजय' ग्रंथाचे एकवीस अध्याय ओवीबद्ध असून पारायणासाठी योजलेले आहेत. त्यातील पहिले दर्शन कोणत्याही पटकथेला हेवा वाटावा असे आहे. २३ फेब्रुवारी १८७८ हा गजानन महाराज शेगावात प्रकट झाल्याचा परंपरेने मानलेला दिवस. देविदास पातुरकरांच्या घरी समारंभाचे जेवण आटोपलेले, उष्ट्या पत्रावळी बाहेर टाकलेल्या, आणि एक तरुण दिगंबर त्या पत्रावळींवरची शिते वेचून खात बसलेला. बंकटलाल अगरवाल जाता जाता थांबतात आणि पाहत राहतात. येथे संत कोण हे निवेदनाने कळत नाही; पाहणाऱ्याच्या थांबण्याने कळते. दासगणू कीर्तनकार होते आणि कीर्तनाच्या उत्तररंगात, म्हणजे आख्यानाच्या भागात, श्रोत्याला प्रसंग डोळ्यांपुढे उभा करून द्यावा लागतो, हे त्यांना मुरलेले होते.

परंतु पहिल्या अध्यायानंतर पोथीचा धर्म बदलतो. प्रत्येक अध्यायात एखादे संकट, एखादी लीला आणि एखाद्या भक्ताची कृतार्थता येते. अध्याय सुटा वाचला तरी पूर्ण वाटावा ही पारायणाची गरज असते. पटकथेला याउलट एक प्रसंग दुसऱ्याला ढकलणारा हवा असतो. लीलांची नुसती मालिका लावली की संतपट पोथीच्या चित्रमय पारायणापलीकडे जात नाही, आणि असे चित्रपट व मालिका मराठीत कमी नाहीत. या अडचणीतून मार्ग काढणारी पटकथा १९३६ मध्येच लिहिली गेली होती. 'संत तुकाराम'मध्ये शिवराम वाशीकरांनी चमत्कार ठेवले, पण चित्रपटाचा कणा केला तो तुकारामांच्या संसारी पत्नीला, आवलीला. मुलाच्या आजारपणाने संतापलेली आवली पायातली वहाण हातात घेऊन विठोबाच्या देवळात शिरते, तेव्हा भक्ती आणि भाकर यांतला झगडा एका हाताच्या हालचालीत मावतो. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला; तेथील पाहणाऱ्यांना अभंग कळत नव्हते, पण वहाण कळली असणार. शेगावच्या पोथीला असा कणा शोधून देणारी पटकथा अजून व्हायची आहे, असे मत नोंदवण्यास हरकत नाही.

तिसरा माल घाटावरचा आणि आपल्या काळातला. चिखली तालुक्यातील अमडापूरचे सदानंद देशमुख यांची 'बारोमास' ही कादंबरी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २००४ मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकून बेकार राहिलेला एकनाथ, शेतीने पिचलेले वडील सुभानराव, आई शेवंतामाय, शहरी वळणाची पत्नी अलका आणि धाकटा भाऊ मधू यांच्या घरातून विदर्भातील कोरडवाहू शेतीचे बारा महिने तीत उलगडतात. धीरज मेश्राम यांनी या कादंबरीवरून हिंदी चित्रपट केला. कादंबरीचा प्राण तिच्या बोलीत, 'मले', 'तुले', 'काहून' या शब्दांच्या लयीत असताना तिने पडद्यावर येताना हिंदीचा आधार घेतला, ही गोष्ट मराठी पटकथेच्या बाजारपेठेबद्दल बरेच काही सांगते. बोली गेली की संवादांचा एक थर जातो. उरतो तो पटकथेचा सांगाडा, आणि मग सगळा भार त्यालाच वाहावा लागतो.

कादंबरीकार 'कर्ज वाढत गेले' असे एका वाक्यात लिहू शकतो. पटकथाकाराला ते वाक्य निरुपयोगी असते, कारण कर्ज दिसत नाही. त्याला दिसेल अशी वस्तू शोधावी लागते. वऱ्हाडात अशा वस्तूंची वाण नाही. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा पोहोचला तो कापसाच्या बाजारासाठी, आणि तेव्हापासून येथील शेतकऱ्याचे सुखदुःख दूरच्या भावांना बांधले गेले. भाव चढेल या आशेने वेचलेला कापूस घरातच भरून ठेवला जातो. राहत्या खोलीत छतापर्यंत पांढरा ढीग चढतो, माणसे उरलेल्या जागेत अंग चोरून निजतात आणि दिवस लांबले की अंगाला खाज सुटते. खाजवणारे मूल आणि मागचा पांढरा ढीग, एवढ्या एका चित्रात भावाची वाट पाहणे, कर्ज आणि असहायता दृश्य होतात. बाजारभावाचा तक्ता सूच्य राहिला तरी चालतो.

सतीश मनवर यांनी २००९ मध्ये लिहिलेल्या व दिग्दर्शित केलेल्या 'गाभ्रीचा पाऊस'मध्ये हे शास्त्र नेमके वापरलेले दिसते. नवरा आत्महत्या करील या भीतीने बायको लहान मुलाला बापाच्या मागावर ठेवते. भीती ही मनातली गोष्ट. ती बापामागून रानात जाणाऱ्या मुलाच्या पावलांत उतरवली की पडद्यावर येते, आणि विषय इतका काळा असूनही प्रेक्षक मध्येच हसतो. असे हसू येणे ही त्या पटकथेची मोठी कमाई आहे. 'सावकारी पाश'मधल्या झोपडीपासून या मुलापर्यंत चौऱ्याऐंशी वर्षांचे अंतर आहे आणि कर्जाचा विषय जागचा हललेला नाही. बदलली ती तो दाखवण्याची रीत.

या सगळ्या कागदांचे पुढे काय होते हा इतिहासकाराचा प्रश्न आहे. पटकथेची अनेक रूपे असतात: निर्मात्याला ऐकवायचे कथासार, प्रसंगांची क्रमवार यादी, संवादांसह पूर्ण लेखन, आणि चित्रीकरणाच्या दिवशी खाडाखोड झालेली प्रत. जुन्या पद्धतीत पानाच्या एका बाजूला दृश्य आणि दुसऱ्या बाजूला ध्वनी लिहिला जाई. शेवटची, मळकी, चहाचे डाग पडलेली प्रत अभ्यासाला सर्वांत मोलाची, कारण काय गाळले ते तिच्यावरच दिसते. आणि तीच आधी फेकली जाते. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले तोवर मूकपटांचे युग संपून तीस वर्षे लोटली होती. जानेवारी २००३ मधील आगीत पुण्यात साठवलेल्या जुन्या नायट्रेट फिती जळाल्या, त्यांत 'प्रभात'च्या मौल्यवान फितीही होत्या. फीत जळाली तर कागदावरून चित्रपटाचा अंदाज बांधता येतो. 'सावकारी पाश'चा १९२५ चा मूकपट आज पाहायला मिळत नाही आणि ते झोपडीचे चित्र उरले आहे ते पाहणाऱ्यांनी सांगितले म्हणून.

बुलढाणा जिल्ह्यात यात्रेच्या मैदानावर तंबू ठोकून चित्रपट दाखवणाऱ्या टुरिंग टॉकीजचा काळ पाहिलेली माणसे अजून आहेत. तंबूत आणि थिएटरात गाण्यांच्या छोट्या पुस्तिका विकल्या जात. त्यांच्या पहिल्या पानांवर कथासार आणि श्रेयनामावली छापलेली असे, आणि कित्येक चित्रपटांच्या पटकथेचा छापील अवशेष म्हणून तेवढीच पुस्तिका शिल्लक आहे. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर येथील ज्या घरांत किंवा जुन्या वाचनालयांत अशा पुस्तिका, जाहिरातींचे कागद अथवा चित्रपटांच्या हस्तलिखित प्रती पडून असतील, त्यांनी त्या रद्दीवाल्याला घालण्यापूर्वी एकदा पुण्याच्या संग्रहालयाला कळवावे.